आर्क्टिक रेफ्युज उघडलं म्हणजे सगळं गेलं का? जरा सविस्तरच सांगतो

विचारलेलं असं की ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने अलास्कातल्या आर्क्टिक रेफ्युज या वन्यजीव अभयारण्याचा किनाऱ्याकडचा अख्खा पट्टा तेल कंपन्यांसाठी पुन्हा उघडला, तर मग १९६० पासून जपलेलं रान असं एका सहीवर जातं का, आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला त्यात काही करता येतं का.

नाही जात. आणि करता येतं, पण लोक सहसा जे करतात ते नाही.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मी मूळचा सांगलीकडचा, शिक्षण हायड्रॉलॉजीचं, आणि नोकरीची बहुतेक वर्षं अलास्कात गेली, तिथे पर्यावरणाच्या केसेस लढणाऱ्या वकिलांच्या एका टीमला सरकारी अहवालांमधला पाण्याचा भाग वाचून त्यावर हरकती लिहून द्यायच्या, हे काम. त्यामुळे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही. मात्र अलास्कात राहणाऱ्या प्रत्येकाला तेलाच्या पैशातून उभ्या केलेल्या फंडाचा जो डिव्हिडंड १९८२ पासून दरवर्षी मिळतो तो मीही घेतलेला आहे, इन्कम टॅक्स राज्याला भरावा लागत नाही त्याचा फायदाही घेतलाय, सगळेच घेतात, आणि तिथलं राजकारण असं का आहे याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आता जागा. आर्क्टिक रेफ्युज म्हणजे १ कोटी ९० लाख एकरांहून मोठा मुलूख, महाराष्ट्राच्या साधारण चौथाई. भांडण त्या सगळ्यावर नाही. भांडण आहे ते उत्तर टोकाला समुद्राला लागून असलेल्या साडेपंधरा लाख एकरांवर, सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा पट्टा, त्याला तिकडे सगळे 'टेन-ओ-टू' म्हणतात कारण कायद्याच्या १००२ नंबरच्या कलमात तो येतो. पॉर्क्युपाईन नावाचा कॅरिबूंचा (म्हणजे रानटी रेनडिअरचा) कळप, २०१७ च्या मोजणीत २ लाखांवर होता, तो बहुतेक वर्षी वासरं घालायला याच पट्ट्यात किंवा त्याला लागून कॅनडाच्या हद्दीत येतो. ध्रुवीय अस्वलांच्या माद्या हिवाळ्यात इथल्या बर्फाच्या ढिगांत गुहा करून पिल्लं घालतात. पश्चिमेला जवळच प्रुडो बे, जिथे १९६८ मध्ये तेल सापडलं आणि १९७७ पासून ८०० मैलांची पाईपलाईन ते दक्षिणेला व्हाल्डीझ बंदरात नेते. म्हणजे कंपन्यांची नजर इकडे का वळते ते नकाशा बघितला की कळतंच.

माझ्या मते अशा प्रत्येक बातमीला पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे संरक्षण कुठल्या कागदावर उभं आहे आणि तो कागद फाडायला कोण लागतं? कारण 'संरक्षित' या एका शब्दाखाली दहा वेगळ्या गोष्टी असतात. राष्ट्राध्यक्षाचा आदेश असेल तर पुढचा राष्ट्राध्यक्ष पहिल्या दिवशी फिरवू शकतो, आणि फिरवतोच. खात्याचा नियम असेल तर वर्ष-दीड वर्ष जातं. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेला कायदा असेल तर तो काँग्रेसलाच बदलावा लागतो. आणि जमीन किंवा तिचे हक्कच कोणी विकत घेऊन कायमचे बांधून ठेवले असतील तर मग फारच अवघड.

रेफ्युजची गोष्ट यातून बघा. ओलाउस आणि मार्डी म्युरी या नवरा-बायकोने १९५६ मध्ये तिथल्या शीनजेक नदीवर उन्हाळा काढला आणि मग वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या मागे लागले. सिनेटमध्ये बिल अडकलं म्हणून शेवटी ६ डिसेंबर १९६० ला आयझेनहॉवरच्या सरकारात सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे सेक्रेटरी फ्रेड सीटन यांनी खात्याच्या आदेशाने ८९ लाख एकर राखून ठेवले. नुसता आदेश, म्हणजे कच्चा कागद. तो पक्का झाला १९८० ला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७८ मध्ये, काँग्रेस काहीच ठरवेना म्हणून कार्टरने एका दिवसात १७ नॅशनल मॉन्युमेंट (राष्ट्राध्यक्षाच्या सहीने राखलेल्या जागा) जाहीर करून टाकली, ५ कोटी ६० लाख एकर, अलास्कात त्याचे पुतळे जाळले लोकांनी. पण त्या दणक्याने बोलणी सुरू झाली आणि २ डिसेंबर १९८० ला, म्हणजे कार्टर निवडणूक हरल्यावर, रीगन यायच्या आत, १० कोटी एकरांहून जास्त जमिनीचा तो मोठा कायदा सही झाला. घाईत तडजोड करावी लागली आणि तडजोड म्हणजे हा १००२ चा पट्टा. रेफ्युजमधली ८० लाख एकर जमीन विल्डरनेस म्हणून कायमची बंद केली, पण किनारपट्टीचं 'नंतर बघू'. त्या कायद्यात एक ओळ मात्र अशी घातली की काँग्रेसने वेगळा कायदा केल्याशिवाय इथे तेल काढता येणार नाही.

त्या एका ओळीवर ३७ वर्षं निघाली. १९८७ ला रीगनच्या खात्याने शिफारस केली की उघडा. १९८९ च्या मार्चमध्ये सिनेटच्या समितीतून बिल पुढे सरकलं, आणि काही दिवसांतच एक्सॉन व्हाल्डीझ जहाज खडकावर चढून १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात, मग कोणाची हिंमत? १९९५ मध्ये बजेटच्या बिलात घुसवलं, क्लिंटनने व्हेटो केला. २००५ मध्ये अलास्काचे टेड स्टीव्हन्स यांनी संरक्षण खर्चाच्या बिलाला चिकटवलं, म्हणजे विरोध केला तर सैनिकांच्या विरोधात गेल्यासारखं दिसावं, तरी वाद थांबवून बिल पुढे न्यायला सिनेटमध्ये लागणारी ६० मतं जमली नाहीत. ६० मतांची अट नसती तर हा पट्टा तेव्हाच गेला असता. आणि २०१७ मध्ये नेमकं तेच झालं, टॅक्स कमी करायच्या कायद्यात घातलं, त्या प्रकारच्या बिलाला साधं बहुमत चालतं. दोन लिलाव करायचेच, प्रत्येकी किमान ४ लाख एकर, असं त्यात लिहिलं.

इथे बारीक गोष्ट आहे जी बातम्यांत कधी येत नाही. तोपर्यंत कायदा आमच्या बाजूने होता, २०१७ नंतर तोच पक्का कागद उलट्या बाजूला गेला. त्यामुळे बायडनला वाटलं तरी पट्टा बंद करता येईना, त्यांनी २०२१ च्या लिलावात गेलेली लीज आधी स्थगित केली, २०२३ मध्ये रद्द केली, आणि मार्च २०२५ मध्ये अँकरेजच्या फेडरल कोर्टात जज शॅरन ग्लीसन यांनी सांगितलं की असं रद्द करता येत नाही, आधी कोर्टाचा हुकूम घ्यायला हवा होता. या त्याच जज ज्यांनी आधी तेलवाल्यांच्या विरोधातही निकाल दिलेत, म्हणजे 'जज विकत घेतला' वगैरे म्हणायची सोय नाही. मग जुलै २०२५ च्या मोठ्या बजेट कायद्यात आणखी किमान चार लिलाव दहा वर्षांत करायचेच असं आलं. ऑक्टोबरची सही या सगळ्याच्या वर बसलेली आहे. ती सही नसती तरी लिलाव करणं सरकारला भागच होतं, फक्त किती एकरांवर आणि कुठल्या अटींवर एवढाच फरक.

मग मी 'नाही जात' असं का म्हणालो? कारण लिलाव करणं वेगळं आणि कोणी बोली लावणं वेगळं.

पहिला लिलाव ६ जानेवारी २०२१ ला झाला. हो, तोच दिवस ज्या दिवशी कॅपिटॉलवर जमाव चढला, त्यामुळे ही बातमी कोणी वाचलीच नाही. २०१७ चा कायदा करताना हिशोब मांडला होता की दोन लिलावांतून सरकारला १०० कोटी डॉलरच्या आसपास मिळतील. मिळाले १ कोटी ४४ लाख. एकही मोठी कंपनी आली नाही. बहुतेक तुकडे कोणी घेतले तर अलास्का राज्याच्याच एका सरकारी विकास संस्थेने, म्हणजे राज्य सरकारनेच केंद्राकडून लीज घेतली की कोणी नाही आलं तर निदान आपल्या हातात राहील. उरलेले दोन तुकडे दोन छोट्या कंपन्यांनी घेतले आणि २०२२ मध्ये सोडूनही दिले. दुसरा लिलाव जानेवारी २०२५, त्यात बोली शून्य. एकसुद्धा नाही.

अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचा १९९८ चा अंदाज होता की या भागात काढता येण्यासारखं तेल सरासरी १० अब्ज बॅरल असेल, मग कंपन्या येत का नाहीत? माहिती जुनी आहे हे एक. सगळ्या पट्ट्यात आजवर एकच विहीर खोदली गेलीय, १९८५-८६ मध्ये, तीही तिथल्या मूळ रहिवासी इन्युपिआत लोकांच्या मालकीच्या जमिनीवर, आणि तिचा निकाल कंपन्यांनी इतकी वर्षं तिजोरीत ठेवला, पण २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शोधून काढलं की हाती फारसं काही लागलं नव्हतं. दुसरं बँका. या कॅरिबूंवर जगणाऱ्या, मूळ रहिवासी ग्विचिन लोकांच्या बायका-माणसं न्यूयॉर्कला जाऊन बँकांच्या मीटिंगांत बसली, गोल्डमन सॅक्सने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं की आर्क्टिकच्या नव्या तेलाला पैसा देणार नाही, आणि पुढच्या वर्षभरात अमेरिकेतल्या बाकीच्या मोठ्या बँकाही तेच म्हणाल्या. आता त्यातल्या काही हळूच मागे सरकतायत, ते वेगळं. तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण म्हणजे वेळ. लीज घेतल्यापासून तेल बाहेर यायला दहा-पंधरा वर्षं, त्यात तीन-चार निवडणुका, प्रत्येक टप्प्यावर केस. कंपनीच्या बोर्डात बसलेल्या माणसाला कॅरिबूचं काही पडलेलं नसतं पण त्याला १५ वर्षांची अनिश्चितता नको असते. शेलचं उदाहरण ताजं आहे, अलास्काच्या वायव्येच्या चुकची समुद्रात २००८ मध्ये लीजसाठी पैसे मोजले, मग २०१२ च्या ३१ डिसेंबरला त्यांचं ड्रिलिंगचं जहाज वादळात किनाऱ्याला लागलं, २०१५ मध्ये एक विहीर खोदून सगळं सोडून गेले, तोवर ७०० कोटी डॉलर बुडाले होते.

म्हणून मी म्हणतो की या लढाईत जिंकणं म्हणजे बहुतेक वेळा वेळ मिळवणं. ऐकायला फार ग्रेट वाटत नाही, माहितीये.

पण वेळ मिळवून प्रत्येक ठिकाणी चालत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता आशावादी आहे. विलो नावाचा तेल प्रकल्प बघा. रेफ्युजच्या पश्चिमेला २ कोटी ३० लाख एकरांचा सरकारी पट्टा आहे, तो १९२३ मध्ये नौदलाच्या तेलासाठीच राखून ठेवलेला, नावातच पेट्रोलियम रिझर्व्ह आहे. तिथे कोनोकोफिलिप्सकडे १९९९ पासूनची लीज. २०२० मध्ये परवानगी मिळाली, २०२१ मध्ये ग्लीसनबाईंनीच ती उडवली कारण अहवालात परदेशात जळणाऱ्या तेलाचं प्रदूषण मोजलं नव्हतं आणि टेशेकपुक तलावाच्या बाजूचे पर्याय नीट तपासले नव्हते. सगळीकडे जल्लोष. मग काय झालं? खात्याने अहवाल दुरुस्त केला, पाचाऐवजी तीन पॅड (विहिरी खोदायचे खडीचे ओटे) केले, कंपनीने ६८ हजार एकरांची लीज सोडून दिली आणि मार्च २०२३ मध्ये बायडन सरकारनेच परवानगी दिली. सुमारे ६० कोटी बॅरल, २०२९ पासून तेल यायचंय. ज्याच्या हातात वैध लीज आहे त्याला पूर्ण नाही म्हणायला सरकार कचरतं, कारण मग भरपाईचा दावा येतो. २०२५ च्या जूनमध्ये वरच्या कोर्टाने पुन्हा चूक काढली, पण परवानगी तशीच ठेवली. कोर्ट अशा केसमध्ये 'तेल काढू नका' असं म्हणत नाही, ते म्हणतं 'फाईल नीट करून आणा', आणि ज्याच्याकडे पैसा आणि धीर आहे तो फाईल नीट करून आणतोच. म्हणून खरी भिंत लीज द्यायच्या आधी घालायची, एकदा लीज हातात पडली की निम्मी लढाई गेली.

आता माझा विषय, पाणी, आणि इथे थोडा वेळ घेतो.

टंड्रा उन्हाळ्यात वरून बघितला तर सगळं पाणीच पाणी दिसतं. प्रत्यक्षात तिथे पाऊस-बर्फ मिळून वर्षाला आमच्या आटपाडी-जतपेक्षाही कमी पडतं, फक्त खाली जमीन कायमची गोठलेली असल्याने ते मुरत नाही, वर साचून राहतं. हिवाळ्यात हेच उथळ पाणी तळापर्यंत गोठतं. आणि ड्रिलिंगची कामं नेमकी हिवाळ्यात करतात, कारण उन्हाळ्यात टंड्रावर गाडी घातली तर रुतते आणि ओरखडा राहतो, १९८४-८५ च्या सर्व्हेच्या गाड्यांचे चाकोरे काही ठिकाणी कित्येक दशकं दिसत राहिले, आणि तो सर्व्हे तर हिवाळ्यातच केलेला. मग हिवाळ्यात बर्फाचे रस्ते करतात. एका मैलाला साधारण १० लाख गॅलन गोडं पाणी लागतं. प्रुडोच्या बाजूला खोल तळी भरपूर आहेत, तिथे निभतं. १००२ मध्ये खोल तळी फार कमी, आणि हिवाळ्यात जे थोडं वाहतं पाणी उरतं ते सॅडलरोचिटसारख्या झऱ्यांच्या आसपास, तिथेच डॉली व्हार्डन मासे हिवाळा काढतात. म्हणजे रस्त्याला पाणी घ्यायचं ते कुठून? ही गोष्ट कुठल्याही पोस्टरवर नाही. पोस्टरवर अस्वल असतं. पण सरकारी अहवालात जेव्हा 'पाणी स्थानिक स्रोतांतून घेण्यात येईल' असं एका वाक्यात उरकलेलं असतं तेव्हा कोणत्या तळ्याची खोली किती, बर्फ किती फूट, खाली उरतं किती, याचा एक साधा तक्ता जोडून विचारलं की 'कुठून?' तर त्याचं उत्तर खात्याला द्यावंच लागतं, आणि नाही दिलं तर कोर्टात तेच पान उघडतं.

दुसरी अशीच गंमत २,००० एकरांची. २०१७ च्या कायद्यात लिहिलंय की प्रत्यक्ष बांधकाम २,००० एकरांपेक्षा जास्त जमीन व्यापणार नाही, आणि अलास्काचे पुढारी सांगत फिरायचे की बघा, एवढ्या मोठ्या पट्ट्यात इतकुसं. पण पाईपलाईनची मोजणी कशी, तर तिचे खांब जिथे जमिनीत घुसतात तेवढीच जागा धरायची. म्हणजे मैलोन्‌मैल पाईप डोक्यावरून गेला तरी कागदावर चार खड्डे. मासे पकडायचं जाळं जमिनीवर टाकलं आणि फक्त दोऱ्याची जाडी मोजली, तसं हे.

आता माणसांबद्दल, कारण बाहेरचे लोक इथेच सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. ग्विचिन लोकांची गावं कॅरिबूच्या वाटेवर, रेफ्युजच्या दक्षिणेला आणि पलीकडे कॅनडात. १९८८ मध्ये आर्क्टिक व्हिलेजला सगळी ग्विचिन गावं जमली आणि त्यांनी ठरवलं की या पट्ट्यात ड्रिलिंगला कायम विरोध करायचा, तेव्हापासून त्यांची कमिटी हे काम करतेय. १९७१ मध्ये अमेरिकन सरकारने अलास्कातल्या मूळ लोकांशी जमिनीचा व्यवहार केला, ४ कोटी ४० लाख एकर आणि जवळपास १०० कोटी डॉलर, पण ते टोळ्यांना न देता त्यांच्या नावाने कंपन्या काढून त्यांना दिले. आर्क्टिक व्हिलेज आणि व्हेनेटाय या दोन गावांनी पैसे आणि शेअर नाकारले आणि १८ लाख एकर जमीन स्वतःच्या नावावर घेतली. असल्या लोकांना पुढे 'जरा नोकऱ्या मिळतील' म्हणून पटवता येईल असं ज्यांना वाटलं त्यांचं कौतुक वाटतं मला.

पण रेफ्युजच्या हद्दीत जे एकमेव गाव आहे, काक्टोविक, ते इन्युपिआत लोकांचं, वस्ती जेमतेम अडीचशे-तीनशे, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना, त्यांच्या गावच्या कंपनीला ड्रिलिंग हवंय. तिथली शाळा, दवाखाना, घरात नळ, हे सगळं नॉर्थ स्लोपवर, म्हणजे अलास्काच्या या उत्तर भागात, तेलाच्या मालमत्तेवरचा कर मिळायला लागल्यावर आलं. सिएटलमध्ये बसून कॉफी पीत त्यांना 'तुम्ही निसर्गाचे शत्रू' म्हणणारे कार्यकर्ते मी पाहिलेत आणि त्यांच्याइतकं नुकसान तेल कंपनीच्या जाहिरात खात्यानेही केलं नसेल. तिथेही सगळे एका मताचे नाहीत, विरोधातलेही आहेत. पण 'मूळ निवासी लोकांचा विरोध आहे' असं सरसकट लिहाल तर समोरचा वकील एका मिनिटात काक्टोविकचं पत्र पुढे ठेवतो. कोण, कुठल्या गावचं, हे लिहायचं.

खाणींचं थोडं वेगळं आहे. सरकारी जमिनीवर सोनं-तांबं काढायचा मूळ कायदा अजून १८७२ चाच, त्यात सरकारला रॉयल्टीसुद्धा नाही. तेलासारखा लिलाव नसतो, जाऊन खुंट्या ठोकून हक्क सांगायचा. त्यामुळे तिथे जमीन आधीच 'या कामासाठी बंद' जाहीर करून घेणं किंवा रस्ताच अडवणं, हे दोन मार्ग. वायव्य अलास्कात अ‍ॅम्बलरला तांब्यासाठी २११ मैलांचा रस्ता गेट्स ऑफ द आर्क्टिक या राष्ट्रीय उद्यानाच्या संरक्षित हद्दीतून काढायचाय, २०२० ला हो, २०२४ ला नाही, ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा हो, शिवाय केंद्र सरकारने खाण कंपनीत १० टक्के हिस्सासुद्धा घेतला. रस्ता फक्त खाणीच्या ट्रकसाठी असेल म्हणतात. प्रुडोकडे जाणारा डाल्टन हायवेही आधी असाच बंद होता, १९९४ मध्ये शेवटपर्यंत सगळ्यांना खुला झाला. तिकडच्या पश्चिमेच्या कॅरिबू कळपाची संख्या २००३ मध्ये ४ लाख ९० हजार होती ती २०२३ मध्ये दीड लाखावर आलीय, आणि रेड डॉग खाणीच्या रस्त्याला काही कॅरिबू ओलांडायला कित्येक आठवडे अडून बसतात हे कॉलर लावून बघितलेलं आहे.

पेबल ही तांब्या-सोन्याची ठरलेली खाण मात्र अडली, आणि ती कशी अडली ते शिकण्यासारखं आहे, कारण ती जमीन केंद्राची नाहीच, राज्याची आहे, आणि राज्याला खाण हवी होती. नैऋत्य अलास्कातल्या ब्रिस्टल बे या उपसागराच्या वर, जिथून जगातल्या सॉकाय सामनपैकी साधारण निम्मा येतो, २०२२ मध्ये ७ कोटी ९० लाख मासे आले. २०१० मध्ये तिथल्या गावांनी पर्यावरण खात्याकडे पाण्याच्या कायद्यातलं एक क्वचित वापरलं जाणारं कलम लावायचा अर्ज केला. तेरा वर्षं. मध्ये ट्रम्प सरकार आलं, वाटलं गेलं आता, पण २०२० मध्ये त्याच सरकारच्या काळात परमिट नाकारलं गेलं, कारण व्यावसायिक मच्छीमार, गावं, आणि वर गळ टाकून मासे धरायला येणारे श्रीमंत रिपब्लिकन, खुद्द ट्रम्प यांच्या मुलाने जाहीर विरोध केला. २०२३ च्या जानेवारीत पर्यावरण खात्याचा व्हेटो आला. त्यावर कंपनी आणि राज्य कोर्टात गेले. पण दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये पेड्रो बे गावच्या लोकांनी आपल्या ४४ हजार एकरांचे विकासाचे हक्क एका संवर्धन संस्थेला कायमचे विकले, आणि खाणीचा ठरलेला रस्ता नेमका त्यातूनच जाणार होता. व्हेटो उद्या उठवला तरी तो करार उठत नाही. मला विचाराल तर सगळ्या लढाईतली सगळ्यात हुशार चाल ती.

कॅनडात पलीकडे युकॉनमध्ये पील नदीचं खोरं आहे. तिथे सरकार आणि फर्स्ट नेशन्स (तिथले मूळ रहिवासी) यांच्या करारातूनच नेमलेल्या आयोगाने ८० टक्के जपा म्हणून सांगितलं, सरकारने स्वतःचाच २९ टक्क्यांचा प्लॅन काढला, फर्स्ट नेशन्स कोर्टात गेले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करारातली पद्धत अशी मोडता येत नाही. २०१९ मध्ये ८३ टक्के जपायचा प्लॅन सही झाला. त्यांची बाजू मांडली थॉमस बर्जर यांनी, तेच बर्जर ज्यांनी १९७० च्या दशकात मॅकेंझी खोऱ्यातल्या पाईपलाईनवर चौकशी करताना ३५ गावांत जाऊन लोकांचं ऐकलं होतं आणि युकॉनच्या उत्तर भागातून पाईपलाईन कधीच नको म्हणून लिहिलं होतं. चौऱ्याऐंशीच्या घरात होते पीलच्या निकालावेळी. सही केलेला करार सरकारवरही बंधनकारक असतो, या एका साध्या गोष्टीवर ती केस उभी होती. अलास्कात असा करार नाही, म्हणून तिथे दर चार वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.

सध्या काय बिघडलंय तेही सांगतो. पर्यावरण अहवालाचा जो १९७० पासूनचा कायदा आमचं मुख्य हत्यार होता त्याची धार २०२५ मध्ये बरीच गेली. मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने युटामधल्या एका रेल्वेच्या केसमध्ये सांगितलं की खात्याने केलेल्या अभ्यासात कोर्टांनी फार नाक खुपसू नये, आणि पुढे होणाऱ्या वेगळ्या प्रकल्पांचे परिणाम मोजायची सक्ती नाही. विलोच्या २०२१ च्या निकालातला परदेशी प्रदूषणाचा मुद्दा आज तितका चालेल असं मला वाटत नाही. दुसरं म्हणजे खात्याचे जमीन वापराचे प्लॅन काँग्रेसने साध्या बहुमताने रद्द करायला सुरुवात केलीय, अलास्कातल्याच मध्य युकॉन भागाच्या प्लॅनवर तसा ठराव दोन्ही सभागृहांत झाला, आणि त्यातली मेख अशी की असा रद्द झालेला प्लॅन पुन्हा 'जवळपास तसाच' आणता येत नाही. हे मला लिलावापेक्षा जास्त घाबरवतं. पुढचं सरकार आलं तरी ती दुरुस्ती सोपी नाही.

'पण तेल लागतंच की' या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. अमेरिका आज दिवसाला १ कोटी ३० लाख बॅरलच्या आसपास काढते, रेफ्युजमधून पहिला थेंब यायला आज सुरुवात केली तरी दशक जाईल. पंपावरच्या भावाशी याचा संबंध लावणारा माणूस एकतर निवडणूक लढवतोय किंवा कोणाची तरी लढवून देतोय.

आता बाहेरच्या माणसाने काय करावं. ऑनलाईन अर्जावर नाव टाकून, तयार मजकुराचा ईमेल ढकलून फारसं होत नाही, हजारो सारखे ईमेल खातं एकत्र बांधून एक हरकत म्हणून मोजतं. पण मसुदा अहवाल आला की त्यावर हरकत द्यायला अमेरिकन नागरिक असावं लागत नाही, पुण्यात बसूनही देता येते. एकच पान लिहा, पण अहवालातल्या ठराविक पानावर, ठराविक वाक्यावर, तुमच्या स्वतःच्या विषयातलं. मुद्दा हरकतीच्या मुदतीत कोणीतरी लेखी मांडलेला असावा लागतो, नाहीतर नंतर कोर्टात वकिलाला तो उचलता येत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. ह्यूस्टनला आपली मराठी मंडळी तेल कंपन्यांत रिझर्वॉयर इंजिनियर म्हणून आहेत, त्यांच्याशी माझे जेवणावर कडाक्याचे वाद झालेत, पण त्यातल्या एकाने रिटायर झाल्यावर खर्चाच्या हिशोबातली अशी चूक दाखवून दिली होती की आमच्या वकिलांनी वही काढली. अशी माणसं हवीत. अकाउंटंट असाल तर महसुलाचा तक्ता तपासा, सिव्हिलवाले असाल तर खडी कुठून येणार ते विचारा. आणि पैसे द्यायचे असतील तर मोठ्या ब्रँडच्या संस्थेपेक्षा गावांच्या स्वतःच्या कमिटीला द्या, त्यांचं विमानाचं तिकीट निघालं तर गावातल्या बाया वॉशिंग्टनच्या सुनावणीत स्वतः बोलतात, आणि त्याला तोड नाही.

बाकी पुढचा लिलाव झाला की बातमीत 'अमुक लाख एकरांची लीज गेली' एवढंच वाचून निराश होऊ नका. बोली कोणी लावली ते बघा. पुन्हा राज्याचीच संस्था आणि दोन-चार अनोळखी नावं असतील तर अजून बरीच वर्षं हातात आहेत. यादीत मोठी, नॉर्थ स्लोपवर आधीपासून पाईप आणि पॅड असलेली कंपनी दिसली आणि तिने कमीत कमी दराच्या कितीतरी पट मोजले असतील, तर मात्र मला फोन करा, मग बोलू.